सिस्टर म्हणता, मग तिचा नोंदणी क्रमांक कुठे आहे?

12 मे आला की खासगी रुग्णालयांत केक कापला जातो. मालक डॉक्टर भाषण करतात, ‘सिस्टर म्हणजे सेवेची मूर्ती’ म्हणतात, फोटो निघतात. 13 मे रोजी तीच सिस्टर बारा तासांची रात्रपाळी करून घरी जाते. तिच्या हातात ना नेमणूक पत्र असते, ना पगाराची पावती.

‘सेवा’ हा शब्द आपल्या समाजाला नवा नाही. महारकीलाही गावची सेवाच म्हणत. कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदला ठरलेला नाही, नकार द्यायचा अधिकार नाही. 1928 हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले आणि त्याच वर्षी प्रसूती लाभाच्या विधेयकालाही पाठिंबा दिला. सेवेच्या नावाखाली होणारी लूट आणि कामगार स्त्रीचा हक्क हे दोन्ही प्रश्न त्यांनी विधिमंडळात, कायद्याच्या भाषेत मांडले. आपणही तेच करायला हवे.

आज वॉर्डात कोण आहे? बेडपॅन उचलणे, जखम धुणे ही कामे ज्यांना विटाळाची वाटली, त्यांनी आपल्या मुलींना या पेशापासून दूर ठेवले. शिष्यवृत्तीवर एएनएम, जीएनएम झालेल्या आपल्या मुली तिथे उभ्या राहिल्या. म्हणून ‘नर्सचा प्रश्न हा जातीचा प्रश्न नाही’ असे म्हणणाऱ्या आपल्याच कार्यकर्त्यांशी माझे भांडण आहे.

आता कायदा पाहू. महाराष्ट्रात परिचारिकेची नोंदणी 1966 च्या कायद्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी प्रशिक्षणाचे तास भरावे लागतात. त्या दिवसांची रजा बहुतेक मालक देत नाहीत, शुल्कही तीच भरते. 2023 मध्ये केंद्राने परिचर्या आयोगाचा नवा कायदा केला. त्यात शिक्षण आहे, नोंदणी आहे, आचारसंहिता आहे. पगार नाही. म्हणजे परवान्याचा सगळा भार तिच्यावर आणि तिच्या परवान्यावर चालणारा धंदा मालकाचा.

दुसरीकडे मालक दहावी-बारावी झालेल्या मुलीला पांढरा ड्रेस घालतो, दोन महिन्यांत सलाईन लावायला शिकवतो आणि नोंदणीकृत परिचारिकेला सांगतो, ‘तुझ्या अर्ध्या पगारात मला दुसरी मिळते.’ ती दुसरीही बहुधा आपल्याच वस्तीतली असते. आपल्या एका मुलीला दुसरीच्या पोटावर उभे करायचे, असा हा डाव आहे. त्या मुलीला शत्रू समजू नका. तिला मान्यताप्राप्त प्रशिक्षणापर्यंत पोहोचवा.

सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2016 रोजी केंद्राला समिती नेमायला सांगितले. समितीची शिफारस स्पष्ट होती. 200 पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतका पगार आणि 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी किमान 20 हजार रुपये. शिफारस राज्यांकडे गेली. केरळातल्या परिचारिका संघटित झाल्या, संपावर उतरल्या आणि 2018 मध्ये खासगी रुग्णालयांसाठी 20 हजारांचे किमान वेतन अधिसूचित करून घेतले. आपल्याकडे मात्र आपण परिचारिका दिनाचे स्टेटस ठेवले.

‘एवढा पगार दिला तर लहान रुग्णालये बंद पडतील,’ असे मालक म्हणतात. यंत्रांचे हप्ते भरताना, इमारतीचे भाडे देताना रुग्णालय बंद पडत नाही, फक्त सिस्टरच्या पगारानेच बंद पडते का? जे रुग्णालय तिला उपाशी ठेवूनच चालते, ते तिच्या पैशावर चालते.

मग करायचे काय?

एक. 1949 च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यानुसार पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर रुग्णालयाची नोंदणी नाकारता येते. शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज टाका. रुग्णालयाने किती परिचारिका दाखवल्या आणि त्यांतल्या किती नोंदणीकृत आहेत, ते विचारा. नावे मागू नका, आकडे मागा. उत्तर आले की प्रत्यक्ष पाळीशी ताडून पाहा.

दोन. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या रुग्णालयात 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विम्याचा लाभ मिळाला पाहिजे. 20 कामगार असतील तर भविष्य निर्वाह निधी. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा. ‘कंत्राटी आहेस’ हे त्याला उत्तर नाही.

तीन. प्रवेशाआधी कॉलेजची मान्यता परिषदेच्या यादीत तपासा. परराज्यात शिकलेल्या मुलीला तिथले ना हरकत प्रमाणपत्र आणून इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. हे तिला तीन वर्षांनी कळता कामा नये. मूळ कागदपत्रे अडवून ठेवणाऱ्या संस्थेकडे एकटीला पाठवू नका, दहा जण जा.

चार. 14 एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचे एक बिल कमी करा आणि विहारात नोंदणी-नूतनीकरणाची मदत केंद्रे चालवा. अर्ज भरून देणारा एक मुलगा आणि एक लॅपटॉप एवढे पुरते.

1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रोग्यांची शुश्रूषा करताना प्राण दिले. ती सेवा त्यांनी स्वतः निवडली होती. मालकाने ती फुकटात मागितली नव्हती. माईचा फोटो लावून आपल्या लेकींचा पगार बुडवणाऱ्यांना हा फरक आपल्यालाच समजावून सांगावा लागेल.

जय भीम. जय सावित्री.