'मूळ' मोटार नावाची दंतकथा

जुनी मोटार 'मूळ स्थितीत' आणली, असे कोणी अभिमानाने सांगितले की आम्हाला पहिला प्रश्न पडतो : कोणत्या मूळ स्थितीत? पाठचिकित्सेच्या वर्गात हा प्रश्न विचारल्यावाचून आपण पुढे जात नाही. मोटारींच्या बाबतीत मात्र तो अरसिकपणाचा मानला जातो.

1957 सालची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम घ्या. किंमत 13,074 डॉलर. दोन वर्षांत मिळून जेमतेम 704 गाड्या तयार झाल्या. छत स्टेनलेस स्टीलचे, डॅशबोर्डच्या कप्प्यात पेले, शिवाय अत्तराची सोय. (ऐश्वर्याची कल्पना किती बाळबोध असू शकते!) या थाटाचा कळस म्हणजे तिचे हवेचे सस्पेन्शन. पोलादी स्प्रिंगांऐवजी चारही चाकांवर दाबाखालची हवा गाडीचा भार पेलणार होती. पण हवा गळू लागली. रात्री ऐटीत उभी केलेली गाडी सकाळी जमिनीशी टेकलेली दिसे. अखेर कंटाळून कित्येक मालकांनी तिला साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या.

आजचा जीर्णोद्धारक त्या स्प्रिंगा काढतो, पुन्हा हवा भरतो आणि या कृतीला निष्ठा म्हणतो. निष्ठा कोणाशी? आमच्या मते, फक्त जाहिरातीशी. ती स्प्रिंग म्हणजे कारखान्याच्या गर्वोक्तीवर रस्त्याने मारलेला शेरा होता. तो खोडल्यावर उरते ती 1957 ची मोटार नव्हे, तर जनरल मोटर्सला जशी हवी होती तशी मोटार. तशी ती फार दिवस कोणाकडेच टिकली नव्हती.

गंज थांबवावा, तुटलेले जोडावे, याला आमचा विरोध नाही. हवेवर तरंगण्याची हौस असलेल्याने तीही खुशाल भागवावी. मात्र त्याला नूतनीकरण म्हणावे, इतिहास म्हणू नये.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची 1961 ची लिंकन कॉन्टिनेन्टल निळ्या रंगाची, छत काढता येणारी होती. 22 नोव्हेंबर 1963 रोजी डॅलसमध्ये याच गाडीत त्यांची हत्या झाली. त्यानंतर तिला चिलखत चढले, कायमचे छत आले, पुढे काळा रंग आला आणि 1977 पर्यंत ती सरकारी सेवेत राहिली. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ती त्या बदललेल्या, काळ्या, बंदिस्त रूपातच ठेवली आहे. छत कापून निळा रंग फासणारे कारागीर मिळाले नसते असे नाही. तसे केले असते तर प्रेक्षकांना 1963 ची सकाळ दिसली असती; पण त्या दुपारनंतर एका राष्ट्राला काय काय झाकून घ्यावे लागले, ते दिसले नसते.

ब्रोअमच्या मालकांनी काढलेल्या स्प्रिंगा निदान भंगारात तरी देऊ नयेत.