अग्निवीर ठीक, पण हवालदार कुठून येणार?

माझा एक जुना विद्यार्थी अग्निवीर भरतीची तयारी करतोय. वय साडेसतरा, म्हणजे भरतीच्या कागदावर अब्बांची सही लागणार. अब्बांचा सवाल एकच: "चार वर्षांनी पुढं काय?" सवाल बरोबर आहे. पण लष्कराच्या बाजूनेही एक सवाल आहे, आणि त्याची चर्चा आपल्याकडे कमी होते.

पायदळाची पलटण साधारण ८०० जवानांची. तिचा प्रमुख कर्नल, कंपनीचा मेजर. पण सगळ्यात खाली दहा जवानांचा सेक्शन असतो आणि तो हवालदार चालवतो. उर्दू जाणणाऱ्यांना हा शब्द लगेच उलगडेल. ज्याच्या हवाली काम केलं, तो हवालदार. कर्नलसाहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात. हवालदार आणि त्याच्या वरचे सुभेदार मात्र त्याच पलटणीत शिपाई म्हणून आलेले असतात, तिथंच त्यांचे केस पांढरे होतात. कोणता पोरगा गोळीबारात डगमगेल, हे त्यांना ठाऊक असतं.

अब्दुल हमीद यांचं नाव आपल्या घरोघरी माहीत आहे. १९६५ मध्ये खेमकरणजवळ जीपवरच्या तोफेने त्यांनी पाकिस्तानी रणगाडे फोडले, शहीद झाले, परमवीर चक्र मिळालं. ते ४ ग्रेनेडियर्सचे हवालदार होते आणि तेव्हा त्यांच्याकडे कंपनीच्या भांडाराची जबाबदारी होती! पण त्याआधी पाच वर्षं त्यांनी रणगाडाविरोधी तोफेवर काढली होती. लढाई आली तेव्हा पलटणीने त्यांनाच परत तोफेवर बोलावलं. भरती १९५४ ची, म्हणजे अकरा वर्षांची तालीम पाठीशी होती.

जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. पहिल्या तुकडीची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपते. सरकार म्हणतं, लष्कराचं सरासरी वय चार-पाच वर्षांनी खाली येईल. डोंगरातल्या चौक्यांवर तरुण छाती लागतेच, हे मान्य. शिवाय जे कायम होतील ते पुढे किमान १५ वर्षं राहतील, उद्याचे नाईक-हवालदार त्यांच्यातूनच घडतील.

माझी शंका वेगळी आहे. चौघांतला एकच राहणार, हे चौघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं. वर्गात पहिल्या नंबरासाठी वही लपवणारी मुलं मी वीस वर्षं बघतोय. सेक्शनमध्ये मात्र शेजारच्याला शिकवणं हीच हवालदारकीची पहिली पायरी. निवड करताना फक्त धावणं आणि नेमबाजी मोजली, तर असा पोरगा मागे पडून घरी जाईल.

विद्यार्थ्याला मी एवढंच सांगितलं की बारावी पुरी कर, मग जा. सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख हातात येतील तेव्हा तो बावीस वर्षांचाही नसेल. अब्बा अजून सहीचं बघतायत.