ती दवाखान्यात पोचली तेव्हा



जिंतूर तालुक्यातल्या एका बैठकीत एक बाई म्हणाल्या, “सरकारीत बाया-बाळं मरतात, खाजगीत मरत नाहीत. मग कर्ज काढून तिकडंच नेलेलं बरं.” मला लगेच उत्तर देता आलं नाही. कारण मीही मोर्च्यात नुसत्या मृत्यूंच्या आकड्यांवर घोषणा दिल्या आहेत.

२०२३ साली ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं. बरेच रुग्ण लांबून, शेवटच्या घटकेला आले, असं प्रशासन म्हणालं. परभणी-हिंगोलीची माणसंही तिथंच धाव घेतात. या उत्तरात तथ्य असू शकतं, पळवाटही असू शकते. ती ओळखायची कशी?

समजा, लहान दवाखान्यात हजार बाळंतपणं झाली. ९०० सोपी, त्यात ९ बाळं गेली. १०० अवघड, त्यात १० गेली. एकूण १९. मोठ्या रुग्णालयातही हजारच, पण सोपी २००, त्यात १ बाळ गेलं. अवघड ८००, त्यात ४० गेली. एकूण ४१. वरवर मोठं रुग्णालय दुप्पट वाईट! पण सोप्याशी सोपं, अवघडाशी अवघड ताडून पाहा. दोन्हीकडे मोठ्या रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण निम्मं आहे.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. बाई पोचली तेव्हा तिचं रक्त किती होतं, रक्तदाब किती, झटके येत होते का, बाळाचं वजन किती, हे नोंदवा आणि मगच तुलना करा. ‘पुढं न्या’ म्हणून ज्यांनी हात वर केले, त्यांच्या खात्यावरही ती बाई मोजा. नाहीतर रुग्ण पुढं ढकलणाराच पाटी कोरी ठेवून मिरवतो. लहान दवाखान्यात वर्षाला एखाद-दुसरा मृत्यू होतो, तेवढ्यावर निवाडा करू नका. तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र पाहा.

आणि सारख्याच अवघड बाया असूनही एका ठिकाणी जास्त दगावत असतील, तर ‘उशिरा आणलं’ ही सबब चालणार नाही. तिथं रक्त होतं का, रात्री डॉक्टर होते का, एका नर्सकडे किती बाळं होती, याचा जाब मागायचा.

पुढच्या बैठकीत जिंतूरच्या त्या बाईंना मी हेच सांगणार आहे. मोर्चा निघेलच. पण या वेळी हातात फलकाबरोबर नोंदवहीही असेल.