उपक्रम मुलांचे की पालकांचे?

गेल्या हिवाळ्यात येथील एका प्राथमिक शाळेच्या प्रदर्शनास आम्ही गेलो होतो. टेबलांवर थर्मोकोलचे किल्ले, ज्वालामुखी आणि सूर्यमाला मांडल्या होत्या. तिसरीत शिकणाऱ्या आमच्या नातवाने जलचक्राची प्रतिकृती ठेवली होती. आम्ही विचारले, "अरे, हे पाणी वर चढते कसे?" तो निर्विकारपणे म्हणाला, "आजोबा, ते आईला विचारा. तिनेच केलंय." वरच्या फलकावर मात्र 'सर्जनशील शिक्षण' अशी ठळक अक्षरे झळकत होती.

शासकीय सेवेत असताना अहवालाचा रकाना भरला की काम पार पडले, असे मानण्याची सवय आम्हांसही जडली होती. म्हणून हा प्रकार ओळखण्यास आम्हांस वेळ लागला नाही. शाळेस छायाचित्रे हवी असतात, पालकांस कौतुक हवे असते. मुलाच्या हाती काय आले, हे विचारण्याची गरज कोणासच भासत नाही.

ज्या गुजरातेत आपण पिढ्यान्‌पिढ्या नांदलो, तेथेच या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी दिले गेले आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गावर जातो, आणि पहिल्याच दिवशी त्याचा शांततेचा खेळ पुरता फसतो. वर्गात गोंधळ माजतो. तो छडी उचलीत नाही, गोष्ट सांगू लागतो. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे करतो. आपल्या ताराबाई मोडक भावनगरास गिजुभाईंसमवेत याच कार्यात होत्या. पुढे बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणावरच शाळा नेली. यांपैकी कोणत्याही कामास थर्मोकोल लागला नाही.

"अभ्यासक्रम संपवायचा असतो, वेळ कोठून आणणार?" असा युक्तिवाद शाळा करतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरविले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. एवढ्या वेळात गोष्टीस, मातीकामास अथवा अंगणातील सावली मोजण्यास अर्धा तास निघत नाही, हे आम्हांस पटत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून व कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. तेव्हा अडसर कायद्याचा नाही.

शाळा सुटल्यानंतरचे चित्र तर अधिकच खेदजनक आहे. दप्तर टाकले की सोमवारी अबॅकस, मंगळवारी कराटे, बुधवारी नृत्य. या विद्या वाईट आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु तेथेही काय करायचे ते दुसराच ठरवितो, आणि शेवटी पदक अथवा प्रमाणपत्र मिळते. मुलाने स्वतः काही योजावे, चुकावे, मोडून पुन्हा करावे, यासाठी आठवड्यात एकही संध्याकाळ मोकळी राहत नाही. शुल्क भरणारे आपणच आहोत, आणि नातवंडांस मराठी वाचता येत नाही म्हणून हळहळणारेही आपणच!

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर लागू केला. त्याच बडोद्यात आपल्या मंडळाचे सभागृह कार्यक्रमांचे दिवस वगळता सायंकाळी कुलूपबंद असते. आठवड्यातून दोन सायंकाळी ते मुलांसाठी उघडावे. आपल्यातील निवृत्तांनी मराठीतून गोष्टी सांगाव्यात. माती, कागद, रंग पुढे ठेवून बाजूला बसावे. कधी मुलांस तांबेकर वाड्यातील भित्तिचित्रे दाखवावीत आणि परतल्यावर जे आठवेल ते काढू द्यावे. बक्षीस नको, प्रमाणपत्र नको, छायाचित्र तर नकोच.

कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत आम्ही हा ठराव मांडणार आहोत. विरोध असणाऱ्यांनी अवश्य यावे. येताना आपल्या नातवंडांस सोबत आणावे, आणि त्यांनी कोणाच्याही मदतीवाचून केलेली एखादी वस्तू आम्हांस दाखवावी.