घोडे किती? – हा प्रश्नच चुकला!

आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री साडेदहानंतर दोनच विषय चालतात. एक म्हणजे उद्याचं सबमिशन कोणाच्या फाइलमधून उतरवायचं, आणि दुसरा म्हणजे गाड्या. पहिला विषय दहा मिनिटांत संपतो. दुसरा मात्र वॉर्डन सर दार ठोकेपर्यंत चालू! मागच्या आठवड्यात आमच्या रूममध्ये असाच वाद रंगला. टाटाच्या अल्ट्रोझची पुढची ‘रेसर’ आली, तर तिच्यात कोणतं इंजिन बसेल? एक म्हणाला, “सिएराचं दीड लिटरचं टाका बे, १६० घोडे!” दुसरा म्हणाला, “कायले १६०? १४० पुरे.” तिसऱ्याने तर इलेक्ट्रिक मोटर लावून दोनशेवर बोली नेली. जणू काही बैलबाजारात सौदा चालला होता.

मीही त्यात होतोच, पण नंतर झोप येईना. आपण सगळे मेकॅनिकलवाले, चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि मशीन डिझाइन घोकणारे, आणि तरी प्रश्न एकच विचारतो: घोडे किती? हा प्रश्न शोरूमसमोर उभ्या असलेल्या कोणीही विचारावा. आपण दुसरा विचारायला हवा: ती ताकद सहन कोण करणार?

आधी इतिहास बघू. आपल्या महाराष्ट्रात छोटी पण तिखट गाडी ही काही नवी गोष्ट नाही. चाकणच्या कारखान्यातली फोक्सवॅगन पोलो घ्या. २०१३ मध्ये तिची जीटी टीएसआय आली. १.२ लिटर, चार सिलिंडर, १०५ घोडे, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क. २०२० मध्ये त्याच गाडीत एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन आलं. घोडे ११०, टॉर्क तेवढाच १७५! म्हणजे इंजिन लहान झालं, ताकद कमी झाली नाही. २०२२ मध्ये पोलो बंद झाली. तिकडे टाटाने कोइंबतूरच्या जयेमबरोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली होती. ११४ घोड्यांची छोटीशी गाडी, बघूनच मन खूश! पण एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स नियम लागू झाले आणि ती परत आलीच नाही. तिला प्रतिस्पर्ध्याने नाही मारलं, धुराच्या नियमाने मारलं. हे लक्षात ठेवा.

आता अल्ट्रोझ. २०२० मध्ये आली तेव्हा पेट्रोलला ८६ घोडे होते. २०२१ मध्ये टर्बो आली, ११० घोडे आणि १४० न्यूटन-मीटर. २०२४ च्या जूनमध्ये ‘रेसर’ आली. नेक्सॉनचं इंजिन, १२० घोडे, १७० न्यूटन-मीटर, सहा गिअर. चढती कमान आहे, म्हणून पुढची पायरी कोणती हा प्रश्न साहजिक आहे.

मग दीड लिटर का नाही? उत्तर इंजिनात नाही, करात आहे! २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोल गाडी १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत असेल तर जीएसटी १८ टक्के. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तर ४० टक्के. करापूर्वी आठ लाखांची गाडी धरा. १८ टक्क्यांनी ती ९ लाख ४४ हजारांना पडते, ४० टक्क्यांनी ११ लाख २० हजारांना. पावणेदोन लाखांचा फरक, आणि तोही फक्त तीनशे सीसीसाठी! अल्ट्रोझची लांबी ३९९० मिलिमीटर आहे. चार मीटरला दहा मिलिमीटर शिल्लक ठेवणारी कंपनी सीसीच्या बाबतीत उधळपट्टी करेल, असं तुम्हाला वाटतं का? तेव्हा सिएराचं इंजिन विसरा.

राहिलं १.२ लिटर. आणि इथे खरी गंमत आहे. टाटाकडे या मापाचं दुसरं इंजिन तयार आहे. २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये दाखवलेलं, नंतर २०२४ मध्ये कर्व्हमध्ये आलेलं, ‘हायपेरिऑन’ नावाचं. घोडे १२५. लगेच आमच्या रूममध्ये सूर निघाला, “फक्त पाच घोडे जास्त? मंग काय फायदा?”

थांबा, कॅल्क्युलेटर काढा. त्याचा टॉर्क २२५ न्यूटन-मीटर आहे, १७०० ते ३००० आरपीएमपर्यंत. रेसरचा १७०. आता ३००० आरपीएमला दोघांची शक्ती काढा. टॉर्क गुणिले कोनीय वेग, फर्स्ट इयरचं सूत्र. रेसरची येते सुमारे ७३ घोडे, हायपेरिऑनची ९६. जाहिरातीत फरक पाचाचा, रस्त्यावर तेवीसचा! साकोलीच्या रस्त्यावर धानाचा ट्रक ओलांडताना आपण सहा हजार आरपीएमला नसतो, तीन-साडेतीन हजाराला असतो. तिथे काय मिळतं ते महत्त्वाचं.

म्हणून माझा अंदाज: पुढची खरी स्पोर्टी अल्ट्रोझ आलीच, तर ती याच इंजिनावर येईल. पण तो २२५ चा आकडा जसाच्या तसा येणार नाही, थोडा खाली उतरवून येईल. कारण टॉर्क फुकट मिळत नाही. तो क्लचमधून जातो, गिअरच्या दातांवरून जातो, ड्राइव्ह शाफ्टमधून जातो आणि शेवटी पुढच्या दोन टायरांवर येतो. १७० चे २२५ म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश वाढ. सगळ्या साखळीला ती झेपली पाहिजे.

हे मी पुस्तकातून नाही, घरातून शिकलो. माझ्या मामांनी एक जुनी टर्बो गाडी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, चूक गाडीची नव्हतीच. कोणीतरी सांगितलं की लॅपटॉप जोडून इंजिनाचं प्रोग्रॅमिंग बदललं की तीस घोडे वाढतात. मामांनी पैसे मोजले. आणि मामांना तिथे घेऊन जाणारा कोण? मीच! सेकंड इयरला होतो, स्वतःला इंजिनिअर समजत होतो. महिनाभर गाडी उडाली. मग मे महिन्यात लग्नाला निघालो, गाडीत पाच माणसं आणि आहेराची भांडी. लाखनी ओलांडल्यावर एका ट्रकला मागे टाकायला मामांनी पाय दाबला. इंजिन ओरडलं, काटा वर गेला, पण गाडी पुढे जाईना. करपल्याचा वास आला. क्लच गेला होता. साकोलीच्या मेकॅनिकने क्लच प्लेट हातात घेऊन एकच वाक्य म्हटलं, “भाऊ, ताकद वाढवली, पण झेलणारा तर जुनाच हाये.” मामा मला काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. वैशाखात इथला पारा ४५ ला टेकतो. १५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा त्याच दाबाला सुमारे ९ टक्के विरळ असते. टर्बो जास्त दाब देऊन ती तूट भरतो, पण दाबली की हवा आणखी तापते. हवा तापली की इंजिन ‘नॉक’ होण्याची भीती, मग संगणक ठिणगी उशिरा देतो आणि घोडे गुपचूप कमी होतात. म्हणूनच हायपेरिऑनची एक बाजू मला आवडते. त्यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. आत वाफ होताना ते हवेला थंड करतं. शिवाय २०२५ पासून आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी, म्हणून मायलेज घटतं, ही तक्रार खरी आहे. पण त्याचा ऑक्टेन जास्त आणि थंड करण्याची ताकदही जास्त. ज्या इंधनाला आपण शिव्या देतो, तेच थेट फवारणीच्या टर्बो इंजिनाला मानवतं! इथेनॉल तुकडा तांदळापासूनही बनतं, हे भाताच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी विसरू नये.

तिसरी गोष्ट ‘कॅफे’ची. (आपली कँटीन नव्हे!) कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी उत्सर्जन किती असावं, याचे हे नियम. पुढचा कडक टप्पा एप्रिल २०२७ पासून ठरला आहे. म्हणजे एक तिखट गाडी विकायची तर तिचा हिशेब दुसऱ्या इलेक्ट्रिक आणि सीएनजी गाड्यांनी भरून काढावा लागणार. जेटीपीचं काय झालं ते वर सांगितलंच.

काही जण म्हणतील, “अरे, आपल्याला गाडी घ्यायची ऐपत नाही, कशाला डोकेफोड?” मला वाटतं, हा प्रश्न आपल्याच दारातला आहे. तुमसरच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणीतून मँगनीज निघतं, ते पोलादाला बळ देतं. वरठीच्या सनफ्लॅगमध्ये वाहनउद्योगासाठी मिश्र पोलाद तयार होतं. गडेगावला अशोक लेलँडच्या कारखान्यात ट्रकचे गिअरबॉक्स बनतात. इंजिन पुण्यात गाजतं, पण ताकद झेलणाऱ्या पोलादाची आणि गिअरची विद्या आपल्या जिल्ह्यात आहे! आणि आपण? फायनल इयरला सगळे कोअर सोडून दुसऱ्या रांगेत उभे. सर, रागावू नका, पण लॅबमधलं कट-सेक्शन इंजिन आम्ही फक्त व्हायव्हाच्या आदल्या दिवशी पुसतो. त्यात चूक आमचीच जास्त.

म्हणून पुढच्या वादात एक नियम करू. जो घोडे वाढवेल, त्याने क्लच, गिअर, कूलिंग, ब्रेक आणि कर यांचाही हिशेब द्यायचा. नाहीतर चादर ओढून झोपायचं!

माझा अंदाज छापून ठेवतोय: १.२ लिटर, थेट फवारणी, टॉर्क दोनशेच्या आसपास, आणि दीड लिटर मुळीच नाही. अंक जपून ठेवा. चुकलो तर चहा माझ्याकडून. बरोबर निघालो तर मात्र मामांना सांगा, भाचा आता जरा शिकलाय.