चार-चार वेळा वाचूनही परीक्षेत आठवत का नाही? समजून घ्या

सेमिस्टरचं वेळापत्रक लागलं की कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. कुणाच्या तरी नोट्स, 'आयएमपी' प्रश्न, मागच्या वर्षांचे पेपर. मग रात्रभर तेच कागद पुन्हा पुन्हा वाचायचे, हायलायटरने पानं पिवळी करायची आणि सकाळी पेपर द्यायचा. बरेच जण यात पासही होतात. अडचण येते ती पुढच्या सेमिस्टरला. त्याच विषयाचा दुसरा भाग सुरू होतो आणि पहिल्या भागातलं काहीच आठवत नसतं.

याचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसाला देणं सोपं आहे. पण खरी गडबड बहुतेक वेळा वाचायच्या पद्धतीत असते आणि त्याचे चांगले पुरावे आहेत.

प्रयोग काय सांगतो?

अमेरिकेत सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला पाच-पाच मिनिटांच्या चार सत्रांत एकच उतारा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात तो वाचला आणि पुढची तीन सत्रं उतारा न बघता, आठवेल ते लिहून काढलं. पहिल्या गटाचा उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला, तर दुसऱ्याचा जेमतेम साडेतीन वेळा.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८३ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं. वाचणारे ४० टक्क्यांवर घसरले, लिहून काढणारे ६१ टक्क्यांवर टिकले. गंमत म्हणजे, आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता.

कारण सरळ आहे. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ही ओळख म्हणजेच 'येतंय' असा आपला समज होतो. लोकलमध्ये रोज दिसणारा चेहरा आपण लगेच ओळखतो, पण तो डोळ्यांसमोर नसताना त्याचं वर्णन करायला सांगितलं तर अडखळतो. परीक्षेत पुस्तक समोर नसतं.

२०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. हायलायटर आणि पुन्हा वाचन या दोन्ही सर्वात लोकप्रिय सवयी 'कमी उपयुक्त' ठरल्या. वरचा क्रमांक मिळाला तो स्वतःची चाचणी घेण्याला आणि अभ्यास थोडा थोडा, दिवसांचं अंतर ठेवून करण्याला.

मग सगळे असा अभ्यास का करत नाहीत?

कारण आपली परीक्षा अनेकदा 'पाच मिनिटांनंतर'चीच असते. ठरावीक प्रश्न फिरून फिरून येत असतील, तर आदल्या रात्रीचं वाचन पुरतं. विद्यार्थी त्यांच्या हिशेबाने शहाणपणच करतात.

पण हा हिशेब आता बदलतोय. एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षेचं बहुपर्यायी स्वरूप बदलून ती वर्णनात्मक करायचं ठरवलं. तयारीला वेळ हवा म्हणून २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि अंमलबजावणी २०२५ वर गेली. चार पर्याय समोर असताना ओळखण्यावर भागतं. कोऱ्या पानावर ते चालत नाही.

दुसरा बदल नव्या शैक्षणिक धोरणाचा. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट आणि १२०० तास धरले आहेत, म्हणजे एका क्रेडिटमागे ३० तास. थिअरीच्या एका क्रेडिटसाठी वर्गात साधारण १५ तासच शिकवलं जातं. उरलेला निम्मा वेळ स्वतःच्या अभ्यासाचा. तो कसा घालवायचा, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही.

इंग्रजी पुस्तकांचं काय?

मराठी माध्यमातून बीएस्सीला आलेल्या विद्यार्थ्याची दमछाक वेगळी असते. प्रत्येक ओळीला शब्दकोश उघडला की परिच्छेद संपेपर्यंत सुरुवात विसरते. अशा वेळी विषय आधी मराठीत समजून घेतलेला बरा. मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन मोफत आहेत, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही नेटवर आहेत. नोंद वाचून मग इंग्रजी प्रकरण हातात घेतलं, तर अडखळायला फक्त भाषा उरते, संकल्पना नाही.

करायचं कसं?

प्रकरण उघडलं की आधी मथळे आणि शेवटचे प्रश्न बघायचे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४६ मध्येच हे सुचवलं होतं. काय शोधायचंय ते माहीत असलं की वाचन भरकटत नाही. मग एक भाग वाचून पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मराठी-इंग्रजी मिसळलं तरी चालेल. नंतर पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनने भरायचं. हेच उद्या, चार दिवसांनी आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. जुने पेपर शेवटच्या रात्रीसाठी न ठेवता पहिल्याच महिन्यात सोडवायला घ्यायचे.

पहिल्या दिवशी कागदावर तीन-चार ओळींपलीकडे काही उमटत नाही आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटतं. इथेच बरेच जण हायलायटरकडे परततात. मुळात न समजलेलं आठवून काही साधत नाही, हेही खरं. आकडेमोडीच्या विषयांत तर उदाहरणं स्वतः सोडवण्याला पर्याय नाही.

पार्टटाइम नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना मात्र ही पद्धत सोयीची पडते. आठवायला पुस्तक लागत नाही, टेबल लागत नाही. एसटीत उभ्याने, हँडल धरूनही कालच्या तासाचे पाच मुद्दे मनात मांडता येतात आणि न आठवलेला मुद्दा घरी गेल्यावर बघता येतो.