बाटलीच्या तळाशी

लोहयुक्त भूजल हापशातून येते तेव्हा नितळ असते. बाटलीत भरून ठेवले की हळूहळू पिवळसर होते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत तळाशी तांबूस साका बसतो. वरचे स्वच्छ पाणी पिपेटने उचलून आर्सेनिक मोजले तर आकडा लहान येतो. उपकरण चोख, प्रमाण द्रावण ताजे, तरीही तो आकडा त्या बोअरचा नसतो. वाटेत विद्राव्य फेरस लोहाचे हवेतील ऑक्सिजनमुळे फेरिक झाले, त्याचे ऑक्सिहायड्रॉक्साइडचे कण बनले आणि बरेचसे आर्सेनिक त्या कणांना चिकटून खाली गेले.

या ताज्या कणांचा पृष्ठभाग अवाढव्य असतो, एका ग्रॅमला दोनशे चौरस मीटरहून अधिक. त्यावरचा विद्युतभार सामूवर ठरतो. सामू आठच्या आसपास जाईपर्यंत तो धन असतो, म्हणून ऋणभारित आर्सेनेट घट्ट बसते. फॉस्फेट जास्त असेल तर तेही त्याच जागांवर हक्क सांगते. शिसे आणि कॅडमियम यांचे वागणे उलटे: आम्लधर्मी पाण्यात ते मोकळे राहतात आणि सामू एक-दोन अंकांनी चढताच झपाट्याने कणांवर जातात. जिवाणूंच्या भित्तिकांवरही हे घडते. तिथल्या कार्बोक्सिल व फॉस्फेट गटांना धातूंचे आयन चिकटतात आणि त्यासाठी पेशी जिवंत असण्याचीही गरज नसते. बेव्हरिज आणि मरे यांनी बॅसिलस सबटिलिसच्या नुसत्या भित्तिका वेगळ्या काढून हे १९७६ मध्ये दाखवले होते.

जिवंत जिवाणू मात्र याहून पुढे जातात. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये पश्चिम बंगालमधील रुग्णांच्या त्वचेवरचे डाग आर्सेनिकचे असल्याचे ओळखले. ते आर्सेनिक कूपनलिकांच्या पाण्यात कसे उतरले, यावर पुढे बरीच वर्षे वाद चालला. पायराइटचे ऑक्सिडेशन होते म्हणून, असे एक मत होते. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील गटाने बंगालच्या गाळावर ऑक्सिजनविरहित स्थितीत केलेले प्रयोग ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. सेंद्रिय अन्न मिळाले की गाळातले जिवाणू श्वसनासाठी फेरिक लोह वापरतात आणि त्यानंतर आर्सेनिक पाण्यात सुटते, असे त्यातून दिसले. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात ते लोहाच्या लेपावर बसून होते. म्हणजे धातूला धरून ठेवणारा आणि सोडून देणारा पृष्ठभाग एकच, फरक पडतो तो ऑक्सिजन असण्या-नसण्याने. आर्सेनिक काढणाऱ्या गाळण्यांचा साका शेणखड्ड्यात किंवा तळ्यात टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तिथे ऑक्सिजन संपतो आणि तेच चक्र पुन्हा सुरू होऊ शकते.

आता आपल्या कामाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये आर्सेनिकचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅमवर आणले आणि आपल्या आयएस १०५०० मध्येही स्वीकारार्ह मर्यादा तेवढीच आहे. इतक्या बारीक मर्यादेपाशी बाटलीत हरवलेले चार-पाच मायक्रोग्रॅम निकाल फिरवतात. उपाय जुनाच आहे. विद्राव्य धातू हवा असेल तर जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळण पटलातून पाणी गाळायचे आणि मग नायट्रिक आम्लाने सामू दोनच्या खाली न्यायचा. हा क्रम उलटला तर कणांवरचा धातूही सुटून मोजणीत येतो. एकूण धातू हवा असेल तर न गाळता आम्ल घालायचे. दोन्ही आकडे खरे, पण त्यांचे अर्थ वेगळे. (०.४५ हाही सोयीचा संकेतच आहे. त्याहून बारीक कलिल कण धातूसकट पार होतात आणि ‘विद्राव्य’ म्हणून गणले जातात.) आम्लामुळे बाटलीच्या भिंतीला शिसे चिकटण्याचेही टळते.

हे सगळे पाठ्यपुस्तकांत आहे, तरी हाती येणाऱ्या अहवालांत ते क्वचितच लिहिलेले असते. नमुना घेणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि मध्ये बाटलीवरची पुसट चिठ्ठी, अशी आपली व्यवस्था आहे. तेव्हा अहवालाच्या छापील नमुन्यात दोन रकाने वाढवा: जागेवर गाळले का, आणि आम्ल कधी घातले. पुढील अंकापासून धातूंची आकडेवारी असलेला कोणताही लेख या दोन नोंदींशिवाय आम्ही स्वीकारणार नाही.